एकेचाळीसराव

४ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आत्ता उत्तराला बसते आहे, तेव्हा आधी कान पकडते. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने माझ्या पथ्यावरच पडलंय. तुझ्यासाठी दोन ओळी नीट लिहाव्या तरी लागतात. नाहीतर हल्ली दिवसभरात मी कुणाशी एक अख्खं वाक्य बोलत नाही.

बाबा बरा आहे. मार्चमधल्या त्या झटक्यानंतर उजवा हात अजून साथ देत नाही आणि बोलणं तर बंदच आहे, पण जेवतो नीट, झोपतो नीट. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत हूं नाही की चूं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याला सगळं कळतं. कळत असेल. मी माझं कामाचं टेबल त्याच्याच खोलीत आणलं आहे, म्हणजे पाठ वळवली तरी लक्ष राहतं. जागा करण्यासाठी त्याचं ते जुनं, बैलासारखं जड ध्वनिमुद्रणयंत्र माळ्यावर टाकलं.

आता त्या टेबलावर काय येऊन पडलंय ते ओळख. नाही ओळखणार. 'तिसऱ्या मजल्याची शाळा'! तीच ती जपानी ॲनिमे मालिका, आपल्या भाषेत आणलेली, जिचे संवाद तू लिहिलेस. आमची कंपनी ती पुन्हा बाजारात आणते आहे आणि जुन्या फितींवरचा आवाज साफ करायचं काम नेमकं माझ्या गळ्यात आलंय. लेखिका माझी आत्या आणि ध्वनिमुद्रक माझा बाप, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वशिल्याचं तट्टू म्हणतील.

तू ती कधी पाहिलीच नाहीस, म्हणून सांगते. एक शाळा आहे, तिला फक्त तिसरा मजला आहे. पहिला नाही, दुसरा नाही. खालून ढग जातात, कधी एखादी बस जाते. मुलं जिन्याने वर येतात, पण जिना कुठून सुरू होतो ते कुणी दाखवत नाही. घंटा दोनदा वाजते. पहिली तास संपल्याची, दुसरी पहिलीने मधेच तोंड घातल्याबद्दल माफी मागायला. गणिताच्या बाईंच्या हातून डस्टर खिडकीबाहेर पडतं आणि दर बुधवारी खालून कुणीतरी ते धुऊन, घडी घालून परत पाठवतं. डस्टरला घडी कशी घालतात, असं कुणी विचारत नाही. एक मुलगी सारखी झोपलेली असते आणि तिची स्वप्नं शेजारच्या मुलाला पडतात. तो तक्रार करतो की ही अर्धवट स्वप्नं पाहते, शेवट मला जुळवावे लागतात. आणि शेवटच्या बाकावर, हजेरीतला एकेचाळिसावा विद्यार्थी म्हणजे एक छत्री. कुणीतरी विसरून गेलेली, काळी, लांब दांड्याची.

विनोद म्हणावा तर हसू फार उशिरा येतं, कधी दुसऱ्या दिवशी दात घासताना. मी सात वर्षांची होते. आई गेली त्याच्या पुढचं वर्ष. बाबा मला शाळेतून थेट स्टुडिओत न्यायचा आणि काचेमागे त्याच्या पायाशी बसून मी ती बघायची. त्या शाळेत कुणालाच कशाचं आश्चर्य वाटत नसे. मला वाटायचं, मी तिथे गेले आणि म्हटलं की मला आई नाही, तर गणिताच्या बाई म्हणतील, बरं, बस, वही काढ.

कंपनीने सुधारणांची यादी दिली आहे. पहिली सुधारणा अशी: क्रमांक एकेचाळीस ही वस्तू असून तिला 'राव' आणि 'अहो' म्हणणं ही भाषांतराची चूक आहे, ते संवाद 'अरे छत्री' असे नव्याने बोलून घ्यावेत. दुसरी: शांत जागांमधली खरखर पुसावी. महिनाअखेर सगळं द्यायचं आहे. मला पहिली सुधारणा मुळीच पटत नाही, पण लेखिका तू. काय करू?

तब्येत सांभाळ. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तीन आठवडे माफ. पण एवढ्या उशिरा आलीस ती माझं जुनं दुखणं हातात घेऊनच आलीस.

तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे, उरलेली ऐक. मला त्या मालिकेचे संवाद एका जाड पाकिटातून आले. चित्रफीत मागाहून येणार होती, ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. कागदावर मुलांची नावं नव्हती, हजेरीचे क्रमांक होते. एकेचाळीसच्या पुढे प्रत्येक वेळी नुसती तीन टिंबं. बाकीची चाळीस मुलं काहीही करण्याआधी त्याला विचारतात आणि तो उत्तर देत नाही. मी आपली उंटावरून शेळ्या हाकत होते. डोकं चालवलं. म्हटलं, हे कुणी वयस्क गृहस्थ असणार, लहानपणी शिकायचं राहून गेलं म्हणून आता शाळेत येऊन बसलेले. अशा माणसाला अरेतुरे कसं करायचं? म्हणून त्यांना 'राव' लावलं. तेरा भाग मी त्या गृहस्थांचा मान राखत लिहिले. मनात त्यांना एक चष्माही दिला होता.

पहिला भाग बोलून घेतला त्या दिवशी मला बोलावलं होतं. पडद्यावर छत्री आली आणि माइकसमोरची सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "एकेचाळीसराव, तुम्हाला काय वाटतं?" खोलीत हशा पिकला. व्यवस्थापक रुमालाने डोळे पुसत होते. मी काचेतून दादाकडे पाहिलं. तो हसत नव्हता, पण माझ्याकडे बघतही नव्हता. मागाहून कळलं की चित्रफीत आठ दिवस त्याच्याच कपाटात होती. आठ दिवस! त्या आठही दिवसांत मी संध्याकाळी तुमच्याकडे येत होते, तुझी वेणी घालत होते, आज एकेचाळीसरावांना काय विचारलं ते दादाला वाचून दाखवत होते, आणि दादा मिठाची गुळणी धरून बसला होता.

मी ते काम सोडलं. पुढे औषधांच्या खोक्यांतल्या कागदांची भाषांतरं केली. तिथे गोळी म्हणजे गोळी असते. दादाशी बोलणं तुटलं नाही, पण का, असं मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांना तब्येतच विचारत आलो. आता त्याला सांगता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. फिट्टंफाट.

तेव्हा यादीप्रमाणे कर. 'अरे छत्री' म्हणून मोकळी हो आणि माझं हसं एकदाचं पुसून टाक. ही विनंती समज, आणि विनंती ऐकायची नसेल तर आज्ञा.

जाता जाता एक. तू रागावशील. गेल्या वर्षीपर्यंत तुझ्या पत्रांत 'बाबा जेवले, बाबा म्हणाले' असं असायचं. या पत्रात बाबा बरा आहे, जेवतो, झोपतो. एवढंच नाही, सव्वीस वर्षांपूर्वीचा बाबासुद्धा 'न्यायचा' झाला. पुष्कळ घरांत बापाला अरेतुरे करतात, त्यात काही वाईट नाही. पण तुमच्या घरात नव्हतं. जन्मभर भाषेचं काम केल्याने डोळ्यांना ही खोड लागली आहे, दुसरं काय.

स्वतःच्या जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या


१५ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी एक उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात असं होतं की दाढी, आंघोळ, गोळ्या, चादरी हे सगळं ज्याने करायचं त्यानेच व्याकरणही सांभाळायचं का? दूर बसून चुका काढायला काय जातं? तेही उंटावरूनच शेळ्या हाकणं झालं. फाडलेलं असलं तरी तुला कळावं म्हणून लिहिते.

मग दुसऱ्या दिवशी मी स्वतःला ऐकत राहिले. ऊठ. तोंड उघड. असं नाही करायचं. अरे सांडलंस ना? आत्या, मला आठवत नाही हे कधी सुरू झालं. हॉस्पिटलात एक परिचारिका त्यांना "चला बाळ" म्हणाली होती, तेव्हा मी तिच्याशी भांडले होते. मग घरी आल्यावर काही दिवस मी विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर येत नाही म्हटल्यावर विचारणं सुटलं. विचारणं सुटलं की 'तुम्ही' कुणाला म्हणायचं? यंत्र माळ्यावर टाकलं तेव्हाही विचारलं नाही. ते खुर्चीतून बघत होते.

काल 'तुम्ही' म्हणून पाहिलं. जीभ वळेना, नाटकात काम केल्यासारखं वाटलं. सोडून दिलं.

तुझ्या आज्ञेप्रमाणे संवाद पुन्हा बोलून घ्यायला सव्वीस तारखेला मुलांना बोलावलं आहे. मन लागत नाही, पण तुझी चूक आणि तुझाच शब्द. मी मधे पडत नाही.

राग फार टिकायचा नाही, ठाऊक आहेच तुला.

भिंगरी


२२ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे. हे वाचताना बसून वाच.

यादीतली दुसरी सुधारणा आधी करायला घेतली, शांत जागांतली खरखर पुसायची. खरखर पुसण्याआधी ती नीट ऐकावी लागते. म्हणून एकेचाळीसरावांची तीन टिंबं जिथे आहेत ती जागा घेतली, हेडफोन लावले आणि आवाज पुरता वाढवला. तुला ऐकू येणार नाही म्हणून लिहून दाखवते.

आधी फितीची बारीक सरसर. मग एक खोली, म्हणजे खोलीचा आवाज, पडदे असलेल्या खोलीला असतो तसा मऊ. मग खुर्ची जराशी करकरते. मग कुणीतरी श्वास घेतं, आपण उत्तर द्यायच्या आधी घेतो तसा. तो धरून ठेवतं. आणि न बोलता हळूच सोडून देतं.

जपानी फितीत त्या जागी काहीच नाही, कोरी पट्टी आहे. हे आपल्याकडे, आपल्या स्टुडिओत भरलेलं आहे. मी पुढची जागा ऐकली, त्याच्या पुढची ऐकली. तेरा भागांत अशा एकशे चार जागा आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही. पोरांनी सहलीला जायचं का विचारलं तिथे श्वास हलका आहे. झोपाळू मुलगी एक दिवस वर्गात येत नाही आणि सगळे विचारतात ती कुठे गेली, तिथे तो इतका लांब धरलाय की मलाच गुदमरल्यासारखं झालं. तेव्हा मी हेडफोन काढले. श्वास थांबला नाही. माझ्या मागे, खिडकीजवळच्या खुर्चीत, तो चालूच होता.

आत्या, एकेचाळीसरावांचा आवाज बाबांनी दिला आहे.

मी वळले आणि तोंडातून आपसूक गेलं, "बाबा, हे तुम्ही?" जीभ कुठे अडखळली नाही. मग यादी त्यांच्यापुढे धरली, सगळी वाचून दाखवली, आणि विचारलं, "हे पुसू का? तुम्हाला काय वाटतं?"

आणि थांबले. एरवी मी तीन मोजेपर्यंतही थांबत नाही. या वेळी घड्याळाकडे बघितलंच नाही. खिडकीतलं ऊन खुर्चीच्या पायावरून सरकत माझ्या टेबलापाशी आलं. खालून एक बस गेली. क्षणभर मला खरंच वाटलं की आपल्या घराला खालचे मजले नाहीत. मग त्यांनी श्वास घेतला, धरला, आणि डावा हात उचलून माळ्याकडे बोट केलं.

शेजारच्या सुतारकाकांना बोलावून यंत्र खाली काढलं. त्याच्या झाकणाच्या आत दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता, तुझ्या हस्ताक्षरातले तेरा भाग. पहिल्या पानाच्या समासात बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"चित्र आज पाहिले. एकेचाळीस म्हणजे छत्री. धाकटीला सांगितले तर ती सगळीकडे 'अरे' करील. सांगू नये. गप्प बसून ऐकणाऱ्याला कुणी 'अहो' म्हणताना पहिल्यांदाच ऐकतो आहे."

मी काचेमागचे बाबा आठवून पाहिले. काचेपलीकडून सगळे त्यांना काय म्हणायचे? अरे, चालू कर. अरे, थांब. अरे, पुन्हा लाव. तीस वर्षं ते सगळ्यांचं ऐकत बसले होते.

सव्वीस तारखेचं बोलावणं मी पुढे ढकललं आणि कंपनीच्या मोठ्या बाईंना फोन केला, सगळं खरं सांगितलं, वशिल्यासकट. त्या म्हणाल्या की लहानपणी त्या स्वतः घरातल्या छत्रीला अहो म्हणायच्या आणि आईचा ओरडा खायच्या. यादी त्यांच्या हाताखालच्या माणसाने केली होती. एकेचाळीसराव आणि त्यांचे श्वास ठेवायला त्यांची हरकत नाही, पण लेखिकेची लेखी संमती हवी, आणि त्यासाठी महिनाअखेरची मुदत त्यांनी वाढवून दिली आहे.

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात आहे. तुझी आज्ञा मोडलेली नाही, अजून काही पुसलेलं नाही. संमतीचा कागद सोबत ठेवते आहे आणि पहिल्या भागाची चकतीसुद्धा. एकदा बघ. तुझं हसं झालं नव्हतं गं. हसले ते आवडलं म्हणून हसले असतील, आणि नसतील तरी माझ्यासारखी कितीतरी पोरं होती, ती हसली नाहीत. आम्हाला वाटायचं, छत्रीला अहो म्हणणाऱ्या शाळेत आपलीही जागा असेल.

पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण माया कमी नको.

तुझी,
भिंगरी


२७ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

भिंगरीला हे तुला वाचून दाखवायला सांगितलं आहे. हळू वाच म्हणावं, ती भरभर वाचते.

मी आज पहिला भाग पाहिला. ऐकू काहीच आलं नाही. मुलांची तोंडं हलत होती आणि मी माझीच वाक्यं त्यांच्या ओठांवर वाचत होते. मग सगळी मान वळवून मागच्या बाकाकडे बघायला लागली. छत्री काही बोलली नाही. दादा, अख्ख्या भागात मला तेवढंच नीट ऐकू आलं.

मी समजत होते की तू माझी गंमत बघत होतास. सव्वीस वर्षं मी ते मनात धरून तुला रक्तदाब विचारत होते. तू सांगितलं असतंस तर मी खरंच 'अरे' केलं असतं, एका दुपारीत, लाल शाईने. तुला मी बरोबर ओळखता आले, आणि मला तू ओळखता आला नाहीस, याचं वाईट वाटतं. तुझ्यावर अजून थोडी रागावलेली आहे. आठ दिवस म्हणजे काही थोडे नाहीत.

संमतीचा कागद माझ्यापुढे आहे. सही केलेली नाही. पोरगी म्हणते मी ठरवायचं. पण तुला मी तेव्हा का ते विचारलं नाही, म्हणून आता विचारते. राहू दे का? तुला काय वाटतं? घाई नाही. मी थांबते.

तुझी,
धाकटी


५ डिसेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या दादाचं उत्तर सोबत आहे. बाबांनी ते डाव्या हाताने, तुझ्याच जुन्या कागदांवरून एकेक अक्षर बघून उतरवलं. तीन सकाळी लागल्या. मदत करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी बोट वर केलं. काचेमागे बसायचे तेव्हा असंच करायचे, ध्वनिमुद्रण चालू आहे, कुणी हलू नका. मी हलले नाही.

शेवटच्या ओळीत त्यांचं व्याकरण चुकलंय की नाही ते तूच ठरव. बारकाईने वाचणारी तू.

भिंगरी


चि. धाकटीस,
अ. उ. आ.

…

तुम्हाला काय वाटतं?

दादा